केवळाबाई हात देत नाही

साहेब, माझी माय कॅन्सरनं नाही, तुमच्या दवाखान्याच्या न बोलण्यानं मरायला निघाली होती. हे तुमच्या तोंडावर सांगायला मी आले होते. शिपायानं मला दाराशी उभं केलं. तुम्ही बाहेर आलात, मोबाईल कानाला तसाच, आणि चालता चालता म्हणालात, "लेखी द्या." ठीक आहे. लेखी देते, आणि सगळं देते. तुमची माणसं दर वेळी अर्धं ऐकतात आणि उरलेलं पुढच्यावर ढकलतात.

मायचं नाव केवळाबाई. आम्ही मेंढरंवाले. गाव देवगाव फाट्यापासून जवळ, पण घराला निम्मं वर्ष कुलूप असतं. कापूस निघून रानं मोकळी झाली की माझा बाप येडबा मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं उतरतो. मागं माय, भाऊ आदिनाथ, घोडं, कोंबड्या, भांडी, सगळा संसार. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खत पडतं म्हणून. आज या रानात, परवा त्या रानात. मला सोनपेठला दिलेली आहे, म्हणून त्या महिन्यांत माझं माहेर हाकेच्या अंतरावर येतं.

मायच्या छातीत गाठ निघाली. परभणीला दाखवलं, त्यांनी तुमच्याकडं पाठवलं. ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. ज्यानं केलं त्याच्या हाताला मी नाव ठेवत नाही. पण तो आम्हाला परत दिसला नाही. टाके दुसऱ्यानं काढले, रिपोर्ट तिसऱ्यानं वाचला, आणि चौथा आला तो दारातूनच म्हणाला, "यांच्याबरोबर पुरुष माणूस कोण आहे?"

बरोबर बबलू होता, माझा चुलतभाऊ. त्याचा पिकअप आहे, बकरे बाजाराला नेतो. डॉक्टर त्याला बाहेर घेऊन गेला. रोग मायला, बसलेली माय, आणि बोलणं चाललंय बबलूशी, दार लोटून. बबलू आत आला तर तोंड उतरलेलं.

"काय मनला रं?" मायनं विचारलं.

"काय न्हाई काकू. गाठ काढली ना, आता सलाईनमधून औषध देत्यात. तीन-तीन हप्त्यानं यायचं."

"आन?"

"केस जातील मनला. तरास तर व्हनारच मनला, घाबरू नका."

"एवढा येळ काय मंग बाहीर? नुसते केसच मोजत व्हता का?"

बबलू हसला आणि विषय मिटला. कॅन्सर हा शब्द त्यानं मायसमोर गिळला आणि गोदाकाठाला आल्यावर पिकअपच्या आडोशाला जाऊन बापाला आणि आदिनाथला सांगितला. तिघांनी मिळून ठरवलं, केवळाबाईला सांगायचं नाही, हाय खाईल. मलाही सांगायचं नाही, कारण मी मायला सांगेन. ते मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

दुसऱ्या बारीला, म्हणजे दुसऱ्या सलाईनला, बबलू बकरे घेऊन बाजाराला गेलेला. बापाला मेंढरं सोडून हलता येत नाही. आदिनाथ गेला. आमच्यात असंच असतं, ज्याला कळपातून सवड मिळेल तो दवाखान्यात जातो. तुमच्यातही तसंच दिसलं. त्या दिवशी डॉक्टर नवा होता. आमचा माणूस नवा, तुमचा माणूस नवा. त्यानं आदिनाथला विचारलं, "मागच्या वेळी सगळं समजावून सांगितलं असेल ना?"

आदिनाथ म्हणाला, "व्हय."

काहून म्हणाला? कारण नाही म्हटलं असतं तर बबलू खोटा पडला असता, आणि डॉक्टर भडकला असता. आमच्याकडं कोणी पांढऱ्या कोटातल्या माणसानं विचारलं की आधी व्हय म्हणायचं आणि मग घरी जाऊन विचार करायचा. तुम्हाला आमची ही सवय चांगली ठाऊक आहे साहेब. तुमचं अर्धं काम या एका व्हयवर उरकतं.

आता आमची चूक सांगते. ती मी लपवणार नाही, म्हणजे तुमचीही तुम्हाला लपवता येणार नाही.

मेंढराला जंताचं औषध पाजलं की एखादं मान टाकतं. चरत नाही, रवंथ करत नाही, सावलीला जाऊन पडतं. मेंढरंवाला म्हणतो, औषध लागू पडलंय. त्याला हात लावायचा नाही, उठवायचं नाही, पाणी जवळ ठेवायचं. सांजेला नाही तर सकाळी ते आपोआप उठतं आणि कळपात जातं. माझ्या बापानं हे आयुष्यभर पाहिलंय.

दुसऱ्या केमोनंतर आठवड्याभरानं मायनं मान टाकली. बापानं तिला बाभळीखाली घोंगडीवर निजवली, उशाला तांब्या ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "कुनी उठवू नका तिला. औषध लागू पडलंय." आदिनाथनं मान डोलावली. दवाखान्यानंच सांगितलं होतं ना, तरास तर व्हनारच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी घेऊन गेले. लांबून वाटलं, निजलीय. जवळ गेले तर दात वाजायलेले, आणि अंग असं की तव्यावर हात पडावा. मला पाहून म्हणाली, "सरजाबाई, कवा आलीस?" सरजाबाई म्हणजे माझी मावशी. ती वारून लय वर्षं झाली.

"आबा, हिला ताप हाय," मी म्हणाले.

"असू दे. औषध काम करायलंय."

"कशाचं औषध? काय झालंय हिला?"

बाप मेंढरं वळवायला गेला. आदिनाथनं मग मला बाजूला घेतलं आणि तो शब्द सांगितला. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुमच्या फाईलवर तुमच्या दवाखान्याचा नंबर होता, तो मी लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईनं उचलला.

मी सांगितलं, पेशंट केवळाबाई, छातीचा कॅन्सर, औषध चालू आहे, ताप आहे, बरळायलीय, काय करू.

ती म्हणाली, "तुमचे डॉक्टर कोण?"

"म्हणजे?"

"कोणत्या डॉक्टरांकडं ट्रीटमेंट चालू आहे?"

"तुमच्याकडं."

"हो, पण नाव? नाव सांगितल्याशिवाय मी कोणाला जोडू?"

मी आदिनाथकडं बघितलं. आदिनाथनं बबलूला फोन लावला. बबलू म्हणाला, एक चष्म्यावाला होता. आदिनाथ म्हणाला, आमचा तर बिनचष्म्याचा होता. मी त्या बाईला म्हणाले, "बाई, नाव आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तुमच्याकडं लिहिलेलं असेल, बघा."

"मग सोमवारी ओपीडीत या," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तो दिवस शुक्रवार होता.

सोमवारपर्यंत माझी माय राहिली नसती. हे मी नाही, डॉक्टर सत्यशीला म्हणाल्या. बबलूनं पिकअप आणला, मागं गवत टाकून त्यावर घोंगडी, आणि आम्ही तिला परभणीला नेलं. तिथल्या दवाखान्यात त्या ड्युटीवर होत्या. त्यांनी मायचं डोकं बघितलं, केस गेलेले. आम्ही काही सांगायच्या आधी विचारलं, "केमो चालू आहे?" रक्त काढलं, मायला वेगळ्या खोलीत घेतलं, सलाईन आणि इंजेक्शनं सुरू केली आणि मगच आमच्याशी बोलल्या.

"ताप कधीपासून आहे?"

"काल दुपारपासून," आदिनाथ म्हणाला.

"आणि आज आणलंत?"

बाप म्हणाला, "औषध लागू पडलंय असं वाटलं."

मला वाटलं त्या ओरडतील. त्या खुर्चीवर बसल्या, बापालाही बसवलं, आणि मेंढराचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेंढराच्या बाबतीत तुम्ही बरोबर असाल आबा. या औषधाचं वेगळं आहे. हे रोगाबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पण मारतं. त्या नसल्या की अंगात काहीही शिरतं. या औषधावर असताना ताप आला तर त्याच तासाला दवाखाना. तुम्हाला हे सांगितलं नाही कुणी?"

आदिनाथ या वेळी व्हय म्हणाला नाही.

माय वाचली. शुद्धीवर आली, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर सत्यशीला खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. आदिनाथ घाईनं पुढं झाला. "मॅडम, जरा बाहीर बोलू. तिला म्हाईत न्हाई."

त्यांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. मायला विचारलं, "केवळाबाई, तुमच्या आजाराचं मी कोणाशी बोलू?"

"आजार कुनाला झालाय?" माय म्हणाली.

"तुम्हाला."

"मंग?"

मग त्यांनी सांगितलं. साध्या मराठीत, शब्द न गिळता. कॅन्सर आहे. गाठ वेळेवर निघाली. कुठं काही उरलं असेल तर ते मारायला हे औषध आहे. पुरं केलं तर बरं व्हायची चांगली आशा आहे, अर्ध्यात सोडलं तर नाही. मायनं सगळं ऐकलं. विचारलं, केस परत येतील का. विचारलं, आणखी किती बाऱ्या. मग बापाकडं वळली.

"तुमाला ठाऊक व्हतं?"

बापानं व्हय म्हणून मान हलवली.

"मी मेंढरू हाय व्हय? धरलं, तोंड उघडलं, पाजलं?"

"मेंढरू असतीस तर एवढी बोलली नसतीस," बाप म्हणाला.

माय तोंडावरच्या मास्कच्या आत हसली, हसता हसता खोकली, आणि डॉक्टर सत्यशीलांनी आम्हा सगळ्यांना बाहेर हाकललं. हाय खाईल म्हणून जिच्यापासून लपवलं होतं, तिनं दुसऱ्या दिवशी भाकरी मागितली आणि हुकूम सोडला. इथून पुढं दवाखान्याला तिच्याबरोबर एकच माणूस जाईल, दैवशाला. म्हणजे मी. सासरी कोण काय म्हणेल ते तीच बघून घेईल. आणि जे काही सांगायचं ते डॉक्टर तिला सांगेल, मी नुसती ऐकायला.

सुट्टी देताना डॉक्टर सत्यशीलांनी मला दोनदा बजावलं. "मागच्या वेळी काय झालं ते त्यांना कळल्याशिवाय पुढचा डोस घ्यायचा नाही. तेवढंच औषध परत दिलं तर हेच परत होईल. त्यांना औषध कमी करावं लागेल, नाहीतर पेशी वाढवायचं इंजेक्शन जोडावं लागेल. मी सगळं लिहून दिलंय, पण तोंडानं पण सांगा. मी तिथं फोन लावला होता. मला पण विचारलं, पेशंटचे डॉक्टर कोण."

मायला गोदाकाठी न नेता गावातल्या घराचं कुलूप काढून तिथं ठेवलं होतं. तिसऱ्या बारीला आम्ही दोघी देवगाव फाट्यावरून एसटीत बसलो. तुमच्या खिडकीवर मी परभणीचा कागद दिला. आतल्या माणसानं तो उलटा करून बघितला आणि परत सरकवला. "हे आपल्याकडचं नाही. बाहेरचं फाईलला लागत नाही."

"पण हिला झालेलं आहे ना? माणूस तर तेच आहे."

"आत डॉक्टरांना दाखवा. पुढचा."

आत ओळीनं खुर्च्या, खुर्चीला एकेक सलाईन, खुर्चीत एकेक बाई. मायला बसवलं. एक तरुण डॉक्टर आला, तोही नवा. हातात सुई, नजर फाईलवर.

"आज्जी, हात द्या."

मायनं हात पदराखाली घेतला.

"आजी कुनाची? तुज्या मायच्या वयाची असंन मी."

"बरं, मावशी. हात द्या."

"देते. आधी सांग, मागच्या बारीनंतर मला काय झालतं?"

त्यानं फाईल चाळली. "काही नाही मावशी. त्रास नाही असं लिहिलंय."

"मी मरायला टेकले व्हते."

त्यानं फाईल पुन्हा उलगडली. पलीकडच्या खुर्चीतली बाई कुरकुरली, "अगं बाई, दे ना हात. आमाला बी घरी जायचंय." तिचं नाव सुलाबाई, हे नंतर कळलं.

"तुमी जा की," माय म्हणाली. "मी कुटं धरलंय तुमाला. मी माजाच हात धरलाय." मग डॉक्टरला म्हणाली, "नाव काय तुजं?"

"सिद्धोधन."

"गाव?"

"येलदरी."

"येलदरीचा हायस आन हितं आज्जी-आज्जी करायलास? धरणाचे मासे खाऊन मोठं झालेलं पोरगं, नीट बोल की."

तो हसला, आणि खरंच नीट बोलायला लागला. "बोला मावशी. काय झालतं?"

मी कागद पुढं केला. तो उभ्यानं वाचायला लागला आणि अर्ध्यात आला तोच त्यानं सुई ट्रेमध्ये ठेवली. "हे माझ्यापर्यंत का न्हाई आलं?" तो म्हणाला. मी खिडकीचं सांगितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं मोठ्या मॅडमना, म्हणजे त्याच्या वरच्या डॉक्टरना फोन लावला, त्या मीटिंगमध्ये. परत लावला. मायनं डोळे मिटून घेतले, हात पदरात. सिस्टर येऊन म्हणाली, मावशी, असा हट्ट केला तर नंबर जाईल. माय डोळे न उघडता म्हणाली, "नंबर जाऊ दे. नंबर परत मिळंल."

तेवढ्यात सुलाबाईनं मला हातानं जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "ताप आल्यावर यायचं असतंय व्हय?"

"त्याच तासाला यायचं. तुम्हाला नाही सांगितलं?"

"मला मागं आलता. मी काढा पिऊन निजले. माज्या लेकाला डाक्टर मनले व्हते, तरास व्हनारच."

तेच वाक्य साहेब. दुसऱ्या जिल्ह्यातली बाई, दुसरा लेक, वाक्य तेच. सिद्धोधननं ते ऐकलं. म्हणाला, "आम्ही सगळ्यांना सांगतो."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" मी विचारलं. "या खुर्चीतल्या बाईला सांगता, की दाराबाहेरच्या माणसाला?"

 त्यानं एक काम केलं. फोनवर मोठ्या मॅडम येईपर्यंत तो सुलाबाईच्या खुर्चीशी गेला, उकिडवा बसला, आणि तापाचं सगळं तिला सांगितलं, तिच्याच तोंडाकडं बघून. तिच्या पुढच्या खुर्चीतल्या बाईनं मान वळवली, मग तिच्याही पुढच्या. त्या दिवशी त्या खोलीत आधी बोलणं झालं आणि मग औषध.

मोठ्या मॅडम आल्या. कागद वाचला, मायचं रक्त पुन्हा तपासलं, औषध कमी केलं, पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहिलं. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, पूर्ण डोस गेला असता. एवढं सोप्यानं म्हणाल्या. मग मायनं पदरातून हात काढला आणि सिद्धोधनपुढं धरला. "घाल. पन हलक्या हातानं."

या वेळी माय पडली नाही. ताप आला नाही. घरी आल्यावर तिनं बापाला फोनवर सांगितलं, मेंढराचं तुमी बगा, माजं मी बगते. ती डोक्याला रुमाल बांधून दारात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपणहून सांगते, कॅन्सर झालाय, बरा करून घ्यायलेय. माझी माय बरी होणार आहे. तिला आता कोणी गप्प बसवू शकत नाही, तुम्ही तर नाहीच.

पण निघताना मी सिद्धोधनला विचारलं होतं, "पुढच्या बारीला तुम्हीच ना?"

तो म्हणाला, "मी पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या विभागात. इथं कोण असंल ते न्हाई सांगता यायचं."

"मग हे सगळं त्याला कोण सांगणार?"

"मी लिहून ठेवलंय." मग खरं बोलला. "पण तो वाचंल का न्हाई, ते मला न्हाई म्हाईत. ताई, हे ठरवणं माझ्या हातात न्हाई. साहेब ठरवतात."

म्हणून मी तुमच्या दारात आले होते. मला चौकशी नको, दिलगिरी नको, भिंतीवर नवा बोर्ड नको. डॉक्टर बदलू नका असंही मी म्हणत नाही. तुमच्याकडं माणसं कमी, आजारी जास्त, हे मला खुर्च्या बघून कळतं. पण एक डॉक्टर गेला तर त्यानं दुसऱ्याला आमच्या देखत सांगून जावं. आमचं मेंढरू एका रानातून दुसऱ्या रानात जातं तेव्हा माझा बाप नव्या शेतकऱ्याला बोट दाखवून सांगतो, ही लंगडी आहे, ही गाभण आहे. माझ्या मायला एका हातातून दुसऱ्या हातात देताना तुम्ही एवढंही बोलत नाही.

पुढची बारी तोंडावर आली आहे. तुम्ही म्हणालात लेखी द्या, मी दिलं. आता तुम्ही लेखी द्या. त्या खुर्चीत बसवल्यावर केवळाबाईला बघणारा डॉक्टर कोण? आणि एखाद्या शुक्रवारी तिला ताप आला, मी फोन लावला, तर सोमवारी या न म्हणता तो उचलणारा माणूस कोण? नावं सांगा.